पांढऱ्यावर पांढरं

प्रिय मित्रा,

तुझे ११२ फोटो मिळाले. चष्मा पुसून सगळे पाहिले. विषय दिला होता ‘वाट पाहणं’ आणि निम्म्यांत सूर्यास्त! सूर्यास्त कुणाची वाट पाहत नाही रे.

पण ७४ नंबरचा काढून बघ. एसटी स्टँडवरच्या आजी. पिशवी दोन्ही पायांत घट्ट धरलेली, चपला बाकाखाली, डोळे चौकशीच्या खिडकीकडे. एवढं तुला दिसलं, मग इतक्या लांबून का काढलास? झूम नको, चार पावलं पुढे जा. आधी विचार, ‘आजी, फोटो काढू का?’ त्या पदर सावरून हसतील, तो फोटो वाया जाईल. जाऊ दे. तिथंच बसून राहा. थोड्या वेळानं त्या तुला विसरतील आणि पुन्हा गाडीची वाट पाहू लागतील. तेव्हा काढ.

दिवेलागणीला परत जा. फोन खांबाला टेकव, प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हातानं ठरवता येतं तिथं, शटर १/१५ सेकंद उघडं राहील असं ठेव. बसलेलं माणूस स्पष्ट येईल, समोरून जाणारे पुसट. भर दुपारी हे करू नकोस, फोटो पांढराफटक येईल. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान करून उजेड कमी करता येत नाही.

‘आमच्या गावात फोटो काढण्यासारखं काही नाही’ असं लिहिलंयस. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना वर्गमैत्रिणींचे फोटो काढले. १९४७ साली लाल किल्ल्यावर फडकलेल्या झेंड्याचा त्यांचा फोटो त्यानंतरचा.

पुढचा विषय घरातच आहे: पांढऱ्यावर पांढरं. खिडकीजवळ पांढरा पंचा अंथर, त्यावर पांढऱ्या वाटीत दही ठेव. घरातले दिवे बंद. ऑटोवर काढलास तर दही राखेसारखं दिसेल. कॅमेऱ्याला दही कळत नाही. समोर जे येईल त्याची सरासरी तो मध्यम करड्याकडे ओढतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ कर, कमी वाटलं तर थोडं आणखी. मग उलटं कर: काळ्या घोंगडीवर तवा, आता −१. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला डिजिटल कॅमेरा घेऊन वारीत गेलो, चौकटभर धोतरं, सदरे, टोप्या, आणि मी बिनधास्त ऑटोवर. रात्री घरी येऊन पाहतो तर सगळे वारकरी मळकट. पालखी तोवर पुढच्या मुक्कामाला. कॉम्प्युटरवर थोडेफार उजळले, पण चेहऱ्यांच्या सावल्यांत नुसते ठिपके.

रविवारपर्यंत पाचच फोटो पाठव. फिल्टर नको. निवडताना जीव खालीवर होईल, मला फोन करू नकोस. आणि दही फोटो झाल्यावर खाऊन टाक, वाटी घासून जागेवर ठेव. मागच्या वेळी आईची तक्रार माझ्याकडे आली होती.

तुझा,
सर