खेळू द्या, पण पंप सोबत हवा

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे. बालदम्यासाठी सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप चालू आहे. शिवाजी पार्कवर फुटबॉल खेळून आला की ढास लागते. सासूबाई म्हणतात, खेळ बंद कर, पंपाची सवय लागेल. खेळण्याआधी निळा पंप दिला तर चालेल का?
– एक आई, दादर

उत्तर : ताई, खेळ बंद करू नका. आधी ढास नेमकी कधी लागते ते घड्याळ लावून बघा. धावताना लागलेला दम दोन-तीन मिनिटांत बसतो. दम्याचा खोकला बहुधा खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत उसळतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. धावताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, श्वासनलिका आतून कोरड्या पडतात आणि आवळतात. त्या बाबतीत मुंबईची दमट हवा उलट बरी. वैर आहे ते धुळीशी. पार्कातली माती उडत असेल, तर पाणी मारल्यावर खेळायला पाठवा. हिवाळ्यात ‘समीर’ अॅपवर हवेचा निर्देशांक २०० च्या वर दिसला, की त्या दिवशी घरातच कॅरम.

निळा म्हणजे साल्ब्युटामॉलचा (आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारा) पंप डॉक्टरांनी खेळाआधी घ्यायला सांगितला असेल, तर साधारण १०-१५ मिनिटं आधी, बहुधा दोन पफ. चूक होते ती इथेच : दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात) सोडले जातात. मग औषध स्पेसरच्या भिंतींनाच जास्त चिकटतं. पंप नीट हलवा, एक पफ सोडा, तोंडाने चार-पाच संथ श्वास घेऊ द्या. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हलवून दुसरा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध पुन्हा भिंतीलाच बसतं.

मैदानात उतरल्या उतरल्या सामना नको. पाच मिनिटं हळू पळणं, मग २०-३० सेकंदांच्या पाच-सहा छोट्या धावा, मध्ये मिनिटभर चालणं. एवढ्याने पुढचा तासभर नळ्या कमी आवळतात, असं पुष्कळ मुलांत दिसतं. प्रशिक्षकांना हे सांगून ठेवा, नाहीतर पहिलाच ‘राउंड’ पूर्ण मैदानाचा असतो!

आता सासूबाईंच्या सवयीबद्दल. पंपाचं व्यसन लागत नाही. पण त्यांची शंका अगदीच वाया जाऊ देऊ नका. इतकं करूनही रोज खेळल्यावर ढास लागत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर निळ्या पंपाने वेळ मारून नेऊ नका. स्टेरॉइडचा पंप चुकतोय का, घ्यायची पद्धत बरोबर आहे का, हे डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. तो घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.

निळा पंप आणि स्पेसर मुलाच्या पिशवीत हवेत, पी.टी.च्या सरांच्या कुलूपबंद कपाटात नव्हेत. खेळताना घरघर सुरू झाली तर ताठ बसवा, झोपवू नका. निळ्या पंपाचे एकेक करून चार पफ द्या, चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर आणखी चार. तरीही उतार नसेल, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तसेच पफ देत राहा. बोलताना वाक्य तुटतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा ओठ निळसर दिसतायत, तर फोन आधीच करा आणि पफ सुरू ठेवा.