वाचकांचे प्रश्न : गांधीलमाशीची नवी जात 'नवी' कशी ठरते?

प्रश्न : कढीपत्त्यावरची एक अळी मी बरणीत ठेवली होती. फुलपाखरू निघण्याऐवजी तिच्या अंगातून बारीक अळ्या बाहेर पडल्या, त्यांनी पांढरे कोष विणले आणि काही दिवसांनी त्यांतून मुंगीएवढ्या काळ्या माश्या निघाल्या. ही नवी जात असेल का? कोस्टा रिकात अशा शेकडो जाती एकाच लेखात जाहीर झाल्याचे वाचले. ते कसे शक्य होते?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण पाहिल्या त्या पॅरासिटॉइड गांधीलमाश्या. परजीवी सहसा यजमानाला जगू देतो; पॅरासिटॉइड मात्र स्वतःची वाढ पूर्ण करताना त्याचा जीव घेतो. वर्णनावरून त्या ब्रॅकॉनिडी कुलातील मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुलाच्या असाव्यात. त्यापुढची प्रजाती आणि जाती पत्रावरून सांगणे शक्य नाही. (वर्तमानपत्रांत काहीही छापले जात असले, तरी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज.)

कोस्टा रिकातील त्या लेखांमागे अनेक वर्षांचे, आपल्या बरणीसारखेच काम आहे. तेथील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन, विनी हॉलवॉक्स आणि त्यांनी तयार केलेले स्थानिक गावकरी १९७८ पासून रानातल्या अळ्या आणून, त्या ज्या झाडावर सापडल्या त्याचाच पाला घालून वाढवत आले आहेत. प्रत्येक अळीची स्वतंत्र नोंद होते आणि तिच्यातून फुलपाखरू, पतंग, माशी किंवा गांधीलमाशी, जे निघेल ते त्याच नोंदीखाली जपले जाते. २००८ मध्ये अशा मायक्रोगॅस्ट्रिनींचा डीएनए तपासला, तेव्हा बाह्य रूपावरून १७१ वाटलेल्या जाती प्रत्यक्षात ३१३ निघाल्या. भिंगाखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या माश्या वेगवेगळ्या जातींच्या अळ्यांवर वाढत होत्या.

पण डीएनएचा फरक दिसला की काम संपले, असे नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत मांडावी लागतात, आणि होलोटाइप म्हणून एकच नमुना नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे सांगावे लागते. त्या नावाचा अर्थ यापुढे त्याच एका नमुन्याशी बांधलेला राहतो. तीन-चार मिलिमीटरच्या कीटकाची लक्षणे म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे आवरण मागच्या पायाच्या नडगीच्या किती पट लांब आहे, पंखाच्या दोन शिरा कोणत्या कोनात मिळतात, पाठीवरचे खड्डे दाट आहेत की विरळ. ही मापे घेऊन जुन्या जातींच्या अशाच नेमून ठेवलेल्या (टाइप) नमुन्यांशी ताडून पाहणे, हाच खरा वेळखाऊ भाग. २०१४ मध्ये याच क्षेत्रातून अपांटेलिस प्रजातीच्या १८६ नव्या जाती जाहीर झाल्या, त्यात बाह्य लक्षणे, डीएनए आणि यजमान अळी या तिन्हींचा आधार होता.

२०२१ मध्ये मात्र कोस्टा रिकातूनच ब्रॅकॉनिडींच्या ४०३ जाती, बहुतांशी डीएनएचा एक तुकडा आणि छायाचित्र एवढ्यावर जाहीर झाल्या, आणि वाद पेटला. जंगले तुटत असताना घाई समजण्यासारखी आहे. तरीही माझे मत टीकाकारांच्या बाजूने झुकते. तो तुकडा केवळ आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातला) असतो, त्यामुळे आईकडूनच पिलांत उतरणाऱ्या व्होल्बाकियासारख्या जिवाणूंच्या संसर्गाने त्याचा निर्वाळा चुकू शकतो. शिवाय ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, त्याला हातातली माशी त्या वर्णनाशी ताडून पाहताच येत नाही.

आपली जात नवी असणे अशक्य नाही, पण कढीपत्त्यावरच्या अळ्या माणसांच्या इतक्या नजरेखालच्या आहेत की आशा बेतानेच ठेवावी.

प्रश्न : नव्या जातीला आपल्याच आजीचे नाव देता येते का?

उत्तर : येते. नावाला लॅटिनमधली षष्ठी विभक्ती लावतात आणि स्त्रीच्या नावाला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो. स्वतःचेच नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, फक्त लोक हसतात. सावंतवाडीच्या वाचकांनी मात्र आधी माश्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, मेलेली अळी आणि रिकामे कोष टाकू नयेत, आणि ठिकाण, तारीख व झाडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच घालावी. ती पेन्सिलने लिहावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.