आधी आकारणीचा उतारा माग

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वकिलीची सनद मिळाल्यावर व्यापारी मालमत्तांच्या कराची कामे करावीत असे तुझ्या मनात आहे, आणि घरची मंडळी ‘मुलीने कौटुंबिक वादच पाहावेत’ असे सुचवतात, हे पत्रावरून कळले. ती कामेही हलकी नव्हेत. मात्र केवळ बाई म्हणून ती तुझ्या वाट्याला यावीत, हे मला मान्य नाही.

या कामात वक्तृत्वापेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी पडते. महापालिकेची नोटीस घेऊन पक्षकार आला, की प्रथम आकारणीचा उतारा, म्हणजे मालमत्तेवर कर कसा धरला आहे याची महापालिकेतली नोंद, आणि मंजूर नकाशा मागून घे आणि स्वतः जागेवर जा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एकाच छपराखाली पुढे यंत्रमाग आणि मागे स्वयंपाकघर असते. तिथे सगळेच क्षेत्र बिगरनिवासी धरले गेले असेल, तर खोल्यांची मापे आणि विजेची बिले हाच तुझा खरा युक्तिवाद. मधली भिंत कधी घातली, माग कधी हलवले, हे घरातल्या बायकांना विचार. मालकापेक्षा त्या नेमके सांगतात, आणि तिथल्या तेलुगूभाषक घरांत चार शब्द तेलुगूत बोललीस तर चहाही मिळतो.

करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर आकारतात ती, भाड्यावर ठरत असेल, तर जागेला वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल हे पाहून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. त्यामुळे रस्त्यालगतचा गाळा आणि त्याच इमारतीतले बोळाकडचे गोडाऊन एकाच दराने धरले असेल, तर शेजारचे भाडेकरार मिळवल्याखेरीज सुनावणीला उभी राहू नकोस.

तारखांच्या बाबतीत कुणावर विसंबू नकोस. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खालील, कर किंवा करयोग्य मूल्याविरुद्धच्या अपिलाला १५ दिवसांची मुदत आहे. करयोग्य मूल्याविरुद्ध जायचे तर आयुक्तांकडे आधी तक्रार होऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो, आणि बिल बजावले गेले असल्यास मागणीची रक्कमही भरावी लागते. ही शेवटची अट व्यापाऱ्याला पहिल्याच भेटीत सांग. उशिरा कळली तर तो महापालिकेवर नव्हे, तुझ्यावर चिडेल. त्याच भेटीत फी ठरव. वाचलेल्या करात टक्केवारी देऊ करणारे भेटतीलच, पण निकालावर अवलंबून असलेली फी बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत बसत नाही, हे त्यांना स्पष्ट सांग.

तुझी शुभेच्छुक,
एक ज्येष्ठ वकील