फॉरमॅट मारण्याआधी

वाचकांचे प्रश्न : घरातला कॉम्प्युटर

या महिन्यात दोन पत्रं थोडक्यात घेतो. तिसऱ्याला जागा जास्त लागणार आहे, आणि त्या पत्राला घाईही आहे.

प्रश्न : रोज सकाळी डेस्कटॉप सुरू केला की तारीख २०१० ची दिसते. ती नीट केल्याशिवाय बँकेची साइट उघडत नाही. वर्षभर असंच चाललंय. (एक वाचक, मिरज)

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नाण्यासारखा चपटा असतो, त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असणार, म्हणून हे सकाळीच होतं. बटण चालू असेपर्यंत घड्याळाला विजेवर आधार असतो, ते बंद झालं की सगळा भार सेलवर येतो. बँकेची साइट अडते तीही याचमुळे. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि तुमचा कॉम्प्युटर २०१० मध्ये उभा राहून ती तपासतो. वायर भिंतीतून काढा, बाजूची क्लिप नखाने दाबा, सेल उडी मारून वर येईल. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा.

प्रश्न : माझा क्लासचा कॉम्प्युटर २०१४ चा आहे. विंडोज १० आता बंद झालं म्हणे. एक जण म्हणतो, जुन्या मशीनवरही ११ बसवून देतो. बसवू का? (एक शिक्षिका, फोंडा)

ताई, विंडोज १० बंद पडलेलं नाही, चालतंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट थांबवले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवलेली आहे. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर ते दिसतं, ते आधी करा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमचं २०१४ चं मशीन त्यात बसत नाही. अट चुकवून ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर मुलांची फी आणि पालकांचे नंबर आहेत, तिथे मी असं करणार नाही. वर्षभरात एकतर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) शिकून घ्या, नाहीतर आठव्या पिढीचं वापरलेलं मशीन बघा.

प्रश्न : मी माण तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०१२ साली जोडून घेतलेला कॉम्प्युटर आहे : दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये १० फुकट मिळत होतं तेव्हा भाच्याने ते टाकून दिलं. आता सुरू व्हायला बारा-तेरा मिनिटं लागतात. तीन आठवड्यांपासून माऊस मधेच अडकतो, डब्यातून टक् टक् आवाज येतो आणि मग पुन्हा चालू होतो. माझ्या अंगणात पर्जन्यमापक आहे. जून १९८९ पासून रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस एक्सेलमध्ये भरलेला आहे, त्यावरची टिपणं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. १९९७ पर्यंतच्या मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, पळायला लागेल. मारून घेऊ का?

गुरुजी, नका. आणि हे वाचताना कॉम्प्युटर चालू असेल तर आधी तो शट डाऊन करा, मग पुढचं वाचा.

मी कराडात २००१ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ‘स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी हार्ड डिस्कला कान लावतो. मशीन नुसतं हळू असेल तर दहा कारणं असू शकतात. हळू आहे, मधेच गोठतं आणि त्याच वेळी टक् टक् वाजतं, म्हणजे डिस्कचा हात एखाद्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन वाचायचा प्रयत्न करतोय आणि तिथलं त्याला वाचता येत नाहीये. विंडोज तेवढा वेळ वाट बघत उभं राहतं. तुम्हाला दिसतो तो अडकलेला माऊस.

अशा डिस्कला फॉरमॅट मारलं की काय होतं ते सांगतो. आपण नेहमी मारतो ते फॉरमॅट डिस्कची दुरुस्ती करत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून नवी कोरी लावावी, तसं ते आहे. नवं विंडोज त्याच झिजलेल्या तबकडीवर, पण वेगळ्या जागी लिहिलं जातं. म्हणून पंधरा दिवस मशीन खरंच पळतं. मग लिहिता लिहिता पुन्हा दुबळ्या जागेशी येतं आणि पहिले पाढे पंचावन्न. तोवर तुमच्या १९८९ च्या पावसावर दुसरं काहीतरी लिहून झालेलं असतं, ते परत येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ साली एका शेतकऱ्याची अशीच वाजणारी डिस्क माझ्याकडे आली होती. त्यात त्याच्या वारलेल्या भावाचे फोटो होते. मी संध्याकाळी डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय चालू केली आणि दुकान बंद करून घरी गेलो. ती सोय तबकडीचा इंच न् इंच वाचून काढते. थकलेल्या डिस्कला मी रात्रभर पळवलं होतं. सकाळी डिस्क दिसेनाशी झाली आणि फोटो गेले. तो माणूस मला काही बोलला नाही, डिस्क पिशवीत घालून घेऊन गेला. तेव्हापासून माझ्या दुकानात आधी प्रत काढतात आणि मग दुरुस्तीचं बोलतात. म्हणून सांगतो, डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाईली डिस्कवर सलग मांडणं, तेही करू नका.

आता प्रत कशी काढायची. विंडोज या डिस्कवरूनच सुरू केलं तर नुसतं सुरू होतानाच डिस्कला हजारो ठिकाणी धावावं लागतं. ती धाव वाचवा. डिस्क डब्यातून काढा आणि दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरला यूएसबी-साटा अडॅप्टरने जोडा (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत). तुमची डिस्क साडेतीन इंची आहे, तिला यूएसबीची वीज पुरत नाही. ज्या अडॅप्टरसोबत वेगळा १२ व्होल्टचा चार्जर येतो तोच घ्या. हे तुम्हाला जमणार नसेल तर दुकानदाराकडूनच करून घ्या, पण समोर बसून, आणि ‘आधी कॉपी, बाकी काही नाही’ असं स्पष्ट सांगून.

पहिली फाईल पावसाची. छत्तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे तेरा हजारांवर ओळी होतात, तरी फाईल दोन-चार एमबीच्या पुढे जायची नाही. ती आधी उतरवा, लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवरही घ्या. मग टिपणं, मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, मग डी ड्राइव्ह. सगळी डिस्क एका दमात ओढायचा मोह टाळा. एखाद्या फाईलशी कॉपी अडकली तर ती सोडून पुढे चला, तिच्याकडे शेवटी येऊ.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे फॉन्ट. जुन्या श्रीलिपीतलं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. आतमध्ये ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेलं असतं आणि फॉन्ट त्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट नसेल तर ‘पाऊस’च्या जागी अगम्य खुणा दिसतात आणि माणसाला वाटतं, फाईल खराब झाली. म्हणून जुन्या डिस्कच्या सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डरही उचला. सॉफ्टवेअरची सीडी आणि डाँगल (ते चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी किल्ली) असेल तर जपून ठेवा. सवडीने ती टिपणं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, म्हणजे मोबाइलवरही वाचता येतील. रकार आणि जोडाक्षरं कन्व्हर्टर बऱ्याचदा चुकवतो, तेव्हा शेजारी मूळ उघडून तपासावं लागेल. शिक्षकाच्या नजरेचंच काम आहे ते.

प्रती झाल्यावर मग निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही दाखवतं. त्यात तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेल्या जागा, आणि सी७. शेवटच्या रकान्यातले आकडे षोडशमान पद्धतीत असतात, तिथे १० दिसलं तर ते १६ समजा. सी५ मध्ये शून्याशिवाय काही असेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कला निरोप द्या.

सी७ ची गोष्ट वेगळी. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती वाटेत बिघडली की हा आकडा वाढतो, म्हणजे संशय डेटा केबलवर जातो. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचं मशीन आलं होतं, नवीन घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ मात्र हजारांत. डबा उघडला तर लाल साटा केबल डिस्कच्या मागे काटकोनात दुमडलेली, आणि तिच्यावर बाजूच्या पत्र्याचा दाब. नवी केबल लावली, वळण सैल ठेवलं आणि मशीन पहिल्यासारखं झालं. जुना आकडा कमी होत नाही, तो वाढायचा थांबला की समजायचं. तुमच्याकडे आवाज आहे म्हणून मला केबलपेक्षा डिस्कचीच शंका जास्त येते, पण बघून घ्या.

डिस्क गेलेलीच निघाली तर तिच्या जागी साटाची एसएसडी बसवा, २४०-२५६ जीबी तुम्हाला भरपूर आहे. फरक एवढा का पडतो त्याचं गणित तुम्हाला आवडेल. तुमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हाताला त्या रेषेवर सरकायला आणखी आठ-नऊ. एकेक जागा शोधायला अशी तेराएक मिलिसेकंद गेली तर सेकंदाला कशाबशा पंचाहत्तर-ऐंशी जागा होतात. डिस्क चांगली असतानाही हेच. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती सेकंदाला हजारो जागा वाचते. तुमच्या मशीनच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर साटाचा वेग ३ गिगाबिटपर्यंतच असतो, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने धावणार नाही. काही बिघडत नाही, बारा मिनिटांचं काम मिनिटाच्या आत यायला हरकत नाही. बसवण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड आयडीई असेल तर तो एएचसीआय करून घ्या आणि त्यानंतर विंडोज टाका.

रॅम ४ ची ८ जीबी करा. डीडीआर-थ्रीच लागेल, डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती बसत नाही. मात्र विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरचं ते वापरतच नाही, तेव्हा ६४ बिटचं घाला.

डबा उघडलाच आहे तर प्रोसेसरवरचा पंखा बघा. माणच्या धुळीत पंख्याखालच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंखा उतरवलात तर खालची करडी पेस्ट वाळून चुन्यासारखी टणक झालेली दिसेल. ती पुसून हरभऱ्याएवढी नवी लावा, जास्त नको. मशीन पहिल्या मिनिटापासून हळू असेल तर डिस्ककडे बघायचं, आणि अर्ध्या तासाने हळू होत असेल तर उष्णतेकडे, ही खूणगाठ मला आजवर फार उपयोगी पडली आहे. बाकी दोन-दोन अँटिव्हायरस, सुरू होताना आपोआप उठणारी सॉफ्टवेअर, हे सगळं नव्या विंडोजबरोबर जाईलच.

इंटरनेटचं म्हणाल तर वर फोंड्याच्या ताईंना लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे. माझं मत असं, की हे मशीन पावसाच्या वहीपुरतं ठेवा, नेटला जोडू नका, आणि बँक वगैरे मोबाइलवर करा. प्रोसेसर जुना असला तरी एक्सेलला पुरून उरतो.

जुनी डिस्क भंगारात देऊ नका. तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा. एखादी राहिलेली फाईल तिच्यातून काढायची वेळ येऊ शकते, आणि डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळांना मूळ डिस्कच लागते.

आणि गुरुजी, कॉपी झाली असं पडद्यावर आलं तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पेन ड्राइव्ह तिसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, फाईल उघडा, १९८९ च्या जूनपर्यंत वर जा आणि पहिल्या पावसाचा आकडा तुम्हाला आठवतो तोच आहे का ते बघा. मग मला कळवा. त्या आधी दुकानदाराला फॉरमॅट मारू देऊ नका.