शिलालेख नव्हे, फलक!

प्रश्न : अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्यात, रस्त्याकडेला खांबावर निळ्या पाट्या असतात आणि त्यांवर पिवळ्या अक्षरांत जुन्या लढायांची, वस्त्यांची माहिती असते. या ‘हिस्टॉरिकल मार्कर’ला मराठीत शिलालेख म्हणावे, कोनशिला की वीरगळ? तिन्ही शब्द वाचनात आले.

उत्तर : तिन्ही चूक. शिलालेखाला आधी शिला लागते. न्यूयॉर्क राज्याने स्वातंत्र्ययुद्धाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९२६ पासून ज्या पाट्या उभारल्या, त्या ओतीव धातूच्या. वाळूच्या साच्यात रस ओतायचा, अक्षरे उठावाची निघतात, मग पाटीला एक रंग आणि अक्षरांच्या माथ्यावर दुसरा. म्हणजे ‘कोरलेला मजकूर’ हेही गेले; इथे काहीच कोरत नाहीत. रंग उडाला तरी उठावाचे अक्षर शाबूत राहते, ते पुन्हा रंगवता येते. पण साच्यातच स्पेलिंग चुकले, तर सहसा अख्खी पाटी नव्याने ओतावी लागते. कोनशिला इमारतीच्या अंगात बसते, रस्त्यावर उभी राहत नाही. आणि वीरगळ एखाद्या पडलेल्या वीराचा, चौकटी-चौकटींत कोरलेल्या चित्रांचा. त्यातला ‘गळ’ मासे धरायचा नव्हे, तो कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड. पुन्हा दगडच!

शब्द आहे ‘फलक’. हवे तर ‘इतिहासफलक’ म्हणा. उर्दू गझलेतला ‘फ़लक’ मध्ये आणू नका. तो अरबी, त्याचा अर्थ आकाश. आपला फलक संस्कृतातला. फळा, फळी ही त्याचीच लेकरे. संस्कृतात फलक म्हणजे लाकडी पाट तसाच ढालही. मराठीत फौजेची रांग हीसुद्धा फळी. शत्रूची फळी फोडतात ती हीच, आणि क्रिकेटची मधली फळी तिचीच वंशज. लढाईच्या खुणेसाठी याहून नेमका शब्द कुठून आणणार?

पण खरी गंमत पुढे आहे. कन्नडमध्ये फळीला ‘हलगे’ म्हणतात. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला (पालु-हालु, पुलि-हुलि), तसे पलगेचे हलगे. तमिळमध्ये तो ‘पलगै’ असाच राहिला. आणि हलगे हे तिकडे वाद्याचेही नाव आहे. म्हणजे आपली हलगी ही फलकाची सख्खी नात्यातली! गावात दवंडी पिटताना हलगी वाजवून जे सांगायचे, तेच फलक मुक्याने सांगतो. संस्कृतवाले ‘फल्’, म्हणजे फुटणे, चिरणे, या धातूवर हटून बसतात; चिरलेले लाकूड ते फलक, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला बरे वाटते. पण मग तमिळ-कन्नडने हा शब्द संस्कृतातूनच उचलला हे गृहीत का धरायचे? प्रवास उलटाही झाला असेल. माझे मत उलट्या प्रवासाकडेच झुकते, आणि ‘हलगी हे नुसते आवाजावरून पडलेले नाव’ म्हणणाऱ्यांनी आधी बेळगावपलीकडे कान द्यावा.

बरे, नाव ठरले तरी मजकुराचे भाषांतर बिघडतेच. ‘फ्रेंच अँड इंडियन वॉर’ (१७५४-६३) हे ‘फ्रेंच आणि भारतीय यांच्यातील युद्ध’ म्हणून छापलेले पाहिले की डोके फिरते. एकतर इथले ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतले आदिवासी, भारतीय नव्हेत, आणि ते युद्ध फ्रेंच विरुद्ध आदिवासी असे नव्हतेच. बरेचसे फ्रेंचांच्याच बाजूने ब्रिटिशांशी लढले. ‘फ्रेंच व त्यांच्या आदिवासी मित्रांविरुद्धचे युद्ध’ लिहा. तशीच ‘इंडियन ट्रेल’ ही ‘भारतीय पायवाट’ नव्हे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या ऑरिस्कनीच्या लढाईत (६ ऑगस्ट १७७७) ओनायडा आदिवासी अमेरिकी जनरल हर्किमरच्या बाजूने आणि मोहॉक, सेनेका आदिवासी समोरच्या, ब्रिटिशांच्या बाजूला होते. तिथे सरसकट ‘इंडियन’ लिहिले, तर कोण कोणाशी लढले हेच कळत नाही.

आणि ‘निअर हिअर’चे ‘येथे’ करू नका. पाटी बहुधा गाडी थांबवता येईल अशा जागी रोवतात. घटनास्थळ शेतात, नदीकाठी, कधी कोणाच्या खासगी जमिनीत असते. ‘जवळच’ म्हणा, नाहीतर वाचणारा खांबाभोवतीच रणांगण शोधत बसेल. अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या ‘वॉर ऑफ १८१२’ला ‘१८१२ चे युद्ध’ म्हणायला हरकत नाही, मात्र ते १८१५ पर्यंत चालले. फलकावर १८१४ दिसले म्हणून ‘चूक दुरुस्त’ करू नये.