डॉक्टरांना न सांगितलेल्या डब्या

गणपती झाले की ठाण्यातल्या घराघरांत परदेशी फराळ पाठवण्याची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास नौपाड्यातल्या माझ्या आहार-समुपदेशन कक्षात एक प्रश्न ठरल्यासारखा येऊ लागतो. मुलगा किंवा मुलगी तिकडे सारखी थकलेली असते, केस गळतात, झोप नीट लागत नाही. तर फराळाबरोबर कोणती चूर्णे, कोणती नैसर्गिक पूरके पाठवावीत? विचारणारे बहुधा आईवडील असतात, ज्याच्यासाठी विचारायचे ते माणूस समोर नसते आणि माझ्याकडून दुकानात दाखवता येईल अशी यादी अपेक्षित असते. मी अशी यादी देत नाही. उलट आधीपासून जे पोटात जात आहे त्याची यादी मागते, आणि ती हाती आल्याशिवाय पुढे बोलत नाही. हा हट्ट अनेकांना विक्षिप्त वाटतो, म्हणून त्यामागचे कारण एका प्रकरणातून सांगते. संबंधितांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे न देता त्यांना नुसते आई आणि लेक म्हटले आहे.

आई पाचपाखाडीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. लेक तिशीतली, बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत, पहिल्यापासून शाकाहारी. थायरॉइड ग्रंथी कमी काम करते असे निदान तिला ठाण्यात असतानाच झाले होते आणि त्यासाठी ती रोज सकाळी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच संप्रेरकाची, गोळी घेत असे. बर्लिनमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा थकवा फारच वाढला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्ततपासणी केली. अहवालात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक वाढले की ते घटते) अगदी कमी आणि टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) वाढलेले आले, म्हणजे शरीरात थायरॉइडचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाल्याचे चित्र दिसले, आणि साहजिकच गोळीची मात्रा कमी करण्याचा विषय निघाला. आई हवालदिल होऊन माझ्याकडे आल्या. ‘मॅडम, इथे इतकी वर्षं एकाच गोळीवर तिचं सगळं नीट होतं. तिकडचं हवापाणीच तिला मानवत नाही. तुम्ही काहीतरी शक्तीचं, पण नैसर्गिक असं लिहून द्या, मी पुढच्या आठवड्यात जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवते.’

मला खटकले ते वेगळेच. संप्रेरक जास्त झाले की माणसाचे वजन उतरते, छातीत धडधडते, उकडते, हात थरथरतात. आई सांगत होत्या ते याच्या अगदी उलट होते: लेकीचे वजन वाढले होते, इतरांपेक्षा तिला जास्त थंडी वाजत होती, पोट साफ होत नव्हते. अहवाल एक सांगत होता आणि अंग दुसरे. अशा वेळी मी अहवालावर मत देत नाही, कारण तो माझा अधिकार नाही. परंतु अहवालात गडबड करू शकेल असे काही घेतले जात आहे का, हे शोधणे मात्र माझ्या कामात बसते.

लेकीशी दृक्‌श्राव्य भेट ठरवली आणि तिला स्वयंपाकघराचा ओटा, फडताळ आणि ऑफिसची बॅग यांतले जे काही ‘तब्येतीसाठी’ म्हणून घेतले जाते ते सगळे कॅमेऱ्यासमोर मांडायला सांगितले. आईने पाठवलेले अश्वगंधा चूर्ण होते, शतावरी कल्प होता, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल होत्या, कॅल्शियमच्या गोळ्या होत्या आणि तिथल्या दुकानातून घेतलेली, केसांसाठी म्हणून विकली जाणारी, फळांच्या स्वादाची जेलीसारखी चघळायची वडी होती. मी विचारले, ‘डॉक्टरांनी कोणती औषधं घेता असं विचारलं, तेव्हा यातलं काय सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘फक्त थायरॉइडची गोळी. बाकीची औषधं कुठे आहेत?’ तिने काही लपवले नव्हते. घरात लहानपणापासून चूर्ण आणि कल्प हे खाण्यात मोडत आले होते, आणि केसांची वडी तर तिला गोळ्याबिस्किटांच्याच जातीची वाटली होती. युरोपीय संघाच्या कायद्यातही अशी पूरके अन्नपदार्थ म्हणूनच मोजली जातात. विक्रीला येण्यापूर्वी औषधाप्रमाणे त्यांना आपला गुण सिद्ध करावा लागत नाही.

गोम होती ती त्या चघळायच्या वडीत. तिच्यात बायोटिन होते, आणि केसांसाठीच्या उत्पादनांत ते नेहमी असते तशा मोठ्या मात्रेत, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला लागणारे बायोटिन जेमतेम ३० ते ४० मायक्रोग्रॅम असते आणि ते रोजच्या जेवणातून मिळून जाते. जास्तीचे बायोटिन सहसा अंगाला अपाय करत नाही, पण ते प्रयोगशाळेला फसवते. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांची रचनाच बायोटिनच्या एका विशिष्ट प्रथिनाशी चिकटण्याच्या गुणावर आधारलेली असते. रक्तात आधीच भरपूर बायोटिन फिरत असेल तर टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्याही अशाच चुकू शकतात. थायरॉइडची तपासणी करण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. आपल्याकडे हिरानंदानीपासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात या वड्यांच्या बाटल्या काउंटरवरच मांडलेल्या असतात, त्यामुळे ही अडचण परदेशातलीच आहे असे समजण्याचे कारण नाही.

अश्वगंधेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. ती चाचणीला फसवत नाही. काही व्यक्तींमध्ये ती थायरॉइडचे संप्रेरक खरोखरच वाढवू शकते, म्हणूनच थायरॉक्सिन घेणाऱ्याने ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. गरोदरपणात ती टाळावी असेही सांगितले जाते. तिच्या पूरकांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आईंना हे सांगितल्यावर त्या जरा रागावल्या. ‘आमच्या आजीनं जन्मभर दुधातून घेतली, तिला काही झालं नाही.’ मी त्यांना म्हटले, ‘काकू, आजी थायरॉक्सिन घेत नव्हत्या आणि त्यांच्या दुधात मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूलही जात नव्हती.’ आयुर्वेदाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नव्हता आणि नाही. वैद्य नाडी बघून, प्रकृती बघून, ठरावीक मुदतीसाठी जे देतात त्यात आणि जाहिरात बघून वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या डबीत मला फार मोठे अंतर दिसते.

हळदीबद्दलही थोडे सांगायला हवे. आमटीतली चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधला कर्क्युमिनचा अर्क यांची मात्रा वेगळी असते, शिवाय मिरीतल्या पायपरीनमुळे हा अर्क रक्तात कितीतरी जास्त शोषला जातो, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते घातलेले असते. इटलीत २०१९ मध्ये अशी पूरके घेणाऱ्यांना यकृताची सूज आल्याची प्रकरणे पुढे आली आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर सूचना छापणे बंधनकारक केले. भस्मे किंवा रसौषधी, म्हणजे धातू-खनिजांपासून बनवलेली औषधे, पाठवण्याबद्दल कोणी विचारले, तर मी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका तपासणीची आठवण देते: बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

इतके सगळे बाजूला काढल्यावर लेक जरा वैतागून म्हणाली, ‘म्हणजे मी काहीच घ्यायचं नाही?’ तिला खरोखर ज्यांची गरज होती त्या गोष्टी त्या ओट्यावर नव्हत्याच. त्या शोधण्यासाठी तिचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारला. तिथले दूध पचत नाही या समजुतीने तिने दूध-दही सोडले होते आणि चहाकॉफीत ती ओटचे पेय घालत असे. तेही मुद्दाम सेंद्रिय, कारण ते जास्त नैसर्गिक. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सेंद्रिय पदार्थांत वरून जीवनसत्त्वे आणि खनिजे सहसा घालता येत नाहीत, त्यामुळे त्या पेयात ना बी-१२ होते ना घातलेले कॅल्शियम. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग म्हणजे दूधदुभते, आणि तोच बंद झाला होता. मीठ ती गुलाबी दगडी वापरत होती. भारतात २००६ पासून थेट खाण्याच्या मिठात आयोडीन असणे सक्तीचे आहे, त्यामुळे इथे कोणाला त्याचा विचार करावा लागत नाही. जर्मनीत आयोडीनयुक्त मीठ ऐच्छिक आहे आणि ते डब्यावर वाचून घ्यावे लागते. (हे ऐकून कोणी समुद्रशेवाळाच्या गोळ्या सुरू करू नयेत. त्यांत आयोडीन बेसुमार असू शकते आणि थायरॉइडच्या रुग्णाला ते बाधते.)

राहिले ऊन. ठाणे विषुववृत्तापासून सुमारे १९ अंशांवर आहे आणि बर्लिन ५२ अंशांच्या वर. डिसेंबरच्या दुपारी ठाण्यात सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो, तर बर्लिनमध्ये जेमतेम १४ अंश. इतक्या तिरप्या उन्हात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व बनवण्यासाठी लागणारी किरणे जवळजवळ पोचतच नाहीत, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च उन्हात कितीही फिरले तरी त्या दृष्टीने उपयोग होत नाही. काचेच्या खिडकीतून तर ती किरणे कधीच येत नाहीत. सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. ऊन मिळत नसेल तर दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० एकके, हा जर्मनीतल्या पोषणतज्ज्ञांचा अंदाज आहे. मला विचाराल तर परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसासाठी खरोखर समर्थनीय असे पूरक हेच आहे, आणि ते ठाण्याहून पाठवण्याची गरज नसते. आपल्याकडे सर्रास मिळणारी ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्यास घ्यायची असते. ती रोज घेतल्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, आणि अशी गल्लत होते, म्हणून मी ती ‘असू दे जवळ’ म्हणून पाठवू देत नाही.

डॉक्टरांना द्यायची यादी आम्ही दोघींनी मिळून तयार केली: प्रत्येक डबीचे नाव, मात्रा, कधीपासून आणि किती वाजता. किती वाजता हे लिहिताना आणखी एक गोष्ट उघडकीला आली. थायरॉक्सिनची गोळी ती सकाळी कॉफीबरोबर घेत होती आणि कॅल्शियमची लगेच मागोमाग. कॉफीने त्या गोळीचे शोषण घटते; कॅल्शियम आणि लोह तर तिच्यापासून चार तास दूर ठेवावे लागतात. तिथल्या डॉक्टरांनी यादी शांतपणे वाचली, केसांची वडी आणि चूर्ण थांबवायला सांगितले, गोळीच्या मात्रेचा निर्णय पुढे ढकलला आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले. या वेळी टीएसएच चक्क मर्यादेपेक्षा जास्त आले. तिच्या अंगात संप्रेरक कमीच पडत होते आणि पहिल्या अहवालावरून गोळी कमी केली असती तर ते आणखी घटले असते. बी-१२ आणि लोहाचा साठा दोन्ही कमी निघाले. त्यांचे उपचार तिथेच सुरू झाले. थायरॉक्सिनची मात्रा न बदलता फक्त ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायला सुरुवात केली आणि सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत टीएसएच मर्यादेत आले. केस गळणे थांबायला त्यानंतर बरेच महिने लागले, आणि तसे ते लागतातच.

जेवणाचे मात्र औषधाइतके सहज जुळले नाही. सकाळी पाव, दुपारी ऑफिसात थंड सॅलड, रात्री दहाला भात किंवा झटपट नूडल्स, रविवारी दुकाने बंद, संध्याकाळी चारला अंधार. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येणे मला अगदी समजते. आम्ही सुरुवात भारतीय दुकानापासून न करता तिच्या घराजवळच्या तुर्की दुकानापासून केली. मसूर, छोले, कोथिंबीर, मिरची, भेंडी, घट्ट दही आणि दलियासारखा बुलगुर असे सगळे तिथे मिळते. दही तिला त्रास न होता पचले आणि चहासाठी लॅक्टोजमुक्त दूध चालले. जर्मनीत क्वार्क नावाचा जो पदार्थ मिळतो तो जवळजवळ चक्काच असतो, आणि तिथली बरीच मराठी घरे त्याचेच श्रीखंड करतात, हे तिला एका सहकाऱ्याने सांगितले. शनिवारी उसळ आणि वरण करून डब्यांत भरून ठेवायचे एवढाच नियम तिने पाळला. जेवल्या जेवल्या चहा घेण्याची सवय मोडायला मात्र फार वेळ लागला, आणि शाकाहारी आहारातल्या लोहाला त्या चहाचाच अडथळा असतो.

आईंचा प्रश्न शेवटी पार्सलचाच होता. साजूक तूप, पेढे, खवा युरोपीय संघात बाहेरून आणता किंवा टपालाने पाठवता येत नाहीत. (आखातात मुले असणाऱ्यांसाठी जाता जाता: खसखस संयुक्त अरब अमिरातींत निषिद्ध आहे, तेव्हा दुबईचे अनारसे खसखशीशिवाय थापा.) थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ हे मात्र त्यांनी मनसोक्त पाठवले आणि त्याला माझी काही हरकत नव्हती, कुळथाच्या पिठल्याने लेकीचे रात्रीचे नूडल्स आपसूक कमी झाले. शतावरी कल्पावर आमचे अजून जमलेले नाही. लेक आता बाळाचा विचार करते आहे आणि आईंच्या मते कल्पाची खरी वेळ हीच. त्यातली साखर सोडली तरी, जे घ्यायचे ते तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या यादीत लिहिले गेल्याशिवाय सुरू करू नये, असे मी सांगितले आहे. डबी सध्या पाचपाखाडीतच आहे आणि आई दर भेटीत तिची आठवण काढतात.