पिकावर वाऱ्याने येणाऱ्या रोगाचा अंदाज पावसासारखा आधी देता येतो का?

पाऊस चार दिवस आधी सांगतात, तसा वाऱ्याबरोबर येणारा पिकावरचा रोग का सांगता येऊ नये, असे आपण विचारले आहे. तो सांगता येतो, परंतु त्यात तीन वेगळे अंदाज गुंतलेले असतात: रोगाच्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बीजासारखे सूक्ष्म कण, कोठे आणि किती तयार होत आहेत, वारा त्यांना कोठे नेईल, आणि खाली उतरल्यावर ते रुजतील का. यांतला वाऱ्याचा अंदाज सर्वांत अवघड वाटतो, पण माझ्या मते तोच त्यातल्या त्यात सोपा आहे. वनस्पती रोगशास्त्र शिकताना मी गव्हाच्या तांबेऱ्यावर काम केले होते, म्हणून उदाहरण खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे, म्हणजेच गेरव्याचे, घेतो. रोग भरात असलेल्या शेतातून चालत गेल्यास कपड्यांवर गेरूसारखी विटकरी भुकटी बसते. ती भुकटी म्हणजेच बीजाणू.

आग्र्याचे वनस्पती रोगशास्त्रज्ञ प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले की मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात हा तांबेरा तग धरत नाही. काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतील थंड हवेत टिकून राहतो आणि तेथून उत्तरेकडे येतो. पुढे १९७०च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रवासाचे नियम बांधले: नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळ विशिष्ट मार्गाने जमिनीवर येऊन मध्य भारतात विरले, तर निलगिरीवरून निघालेली हवा तिकडे पोहोचते आणि पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू कोवळ्या गव्हावर उतरतात. संगणकाची प्रतिमाने (मॉडेल) हाती नसताना, हवामानाचे नकाशे आणि उपग्रहाची चित्रे पाहून हे साधले होते.

बीजाणू उतरले म्हणजे रोग आला, असे मात्र नाही. त्यांना रुजण्यासाठी पानावर सहा ते आठ तास ओल आणि साधारण १५ ते २४ अंश तापमान लागते. त्यानंतर उजेड आणि थोडी ऊब मिळाली की बुरशी आत शिरते, आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी पुळ्या फुटतात. पानावरची ही ओल किती तास टिकली हे बहुतेक हवामान केंद्रांत मोजले जात नाही, म्हणून हवेतील आर्द्रतेवरून ती ताडावी लागते. केंद्राचे उपकरण मोकळ्या जागेत उभे असते आणि नुकतेच पाणी दिलेल्या दाट गव्हातले दव त्याला दिसत नाही. माझ्या अनुभवात अंदाज सर्वाधिक फसतो तो याच ठिकाणी.

आम्ही व्हॅसलिनचा पातळ थर दिलेल्या काचपट्ट्या बांबूला बांधून शेतात लावत असू आणि रोज सकाळी त्या बदलून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजत असू. एका हंगामात धूळ आणि परागकणांच्या गर्दीत सलग काही दिवस तांबेऱ्याचे बीजाणू दिसले, तेव्हा आम्ही मोठ्या विश्वासाने रोगाची वाट पाहिली. परंतु रात्री कोरड्या गेल्या आणि शेत स्वच्छ राहिले. काचपट्टीवरचा बीजाणू जिवंत आहे की उन्हाने मेलेला, आणि तो आपल्या वाणाला बाधणाऱ्या प्रकारचा आहे की नाही, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. (डोळ्यांची जी परीक्षा होते, ती वेगळीच.)

आज इथिओपियात ब्रिटनच्या हवामान खात्याचे वाऱ्याचे प्रतिमान, केंब्रिज विद्यापीठाचे रोगाचे गणित आणि गावोगावच्या पाहणीच्या नोंदी एकत्र करून तांबेऱ्याचे इशारे दिले जातात. १९९८ साली युगांडात सापडलेला यूजी९९ हा काळ्या तांबेऱ्याचा प्रकार २००६मध्ये येमेनमध्ये आणि २००७मध्ये इराणमध्ये आढळल्यावर अशा व्यवस्थेची निकड सर्वांनाच पटली. इथिओपियातही जमिनीवरची पाहणी थांबली, तर बीजाणू कोठून निघाले हेच प्रतिमानाला कळणार नाही.

म्हणून इशारा आला की लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, तर आधी शेतात उतरावे, असे मी सुचवेन. रोगाला लवकर बळी पडणारा वाण आणि दव उशिरापर्यंत राहणारा सखल भाग प्रथम पाहावा, आणि खोडावरून व पानाच्या देठाकडील आवरणावरून बोट फिरवावे. बोटाला विटकरी रंग लागला, तर नमुना कागदी पाकिटात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राला दाखवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला घाम सुटतो आणि पोहोचेपर्यंत तो कुजलेला असतो.